मुद्देमालातली होडी

ती घटना आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण त्या प्रकरणात मी जितकी हुशार दिसत होते तितकी पुढच्या सगळ्या नोकरीत कधी दिसले नाही. दिसत होते, एवढंच.

कारवारकडच्या किनाऱ्यावरचं एक मासेमारीचं गाव. नाव सांगत नाही. मी नवीकोरी पीएसआय, टोपी जरा तिरपी. जन्म बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातला. मासा पाहिला होता तो लालबागेच्या तळ्यात, तोही पोहताना. बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गावाचा जुना इतिहास मिळवून वाचला. इथले लोक पूर्वी गलबतं लुटायचे. पुढे त्यांच्या नातवंडांनी घड्याळं आणि परदेशी कापड उतरवलं. आणि आता हद्दीपलीकडची दारू समुद्रातून येत होती. मी ठरवून टाकलं, धंदा या लोकांच्या रक्तातच आहे. वंशावळ काढायची, आरोपी सापडेल.

आमचे हवालदार त्या ठाण्यात केस पिकवलेले. ते म्हणाले, "मॅडम, स्वल्प थांबा. आधी गाव बघा."

"हवालदार, माझा अभ्यास झालाय."

"सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढं म्हणून ते आपल्या कामाला लागले.

तेवढ्यात ठाण्याच्या पत्त्यावर निनावी चिठ्ठी आली. 'अमक्याच्या होडीत जाळ्याखाली बघा. त्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चालतं.' ज्याचं नाव होतं त्याचं घराणं गावातल्या जुन्या चाच्यांचं. मला आणखी काय हवं होतं? पंच घेऊन गेलो. जाळ्याखाली दारूचे दोन खोके निघाले. घरझडतीत देव्हाऱ्यात एक जाडजूड पितळी घंटा सापडली, तीही मी जप्त केली. पंचनाम्यात लिहिलं, 'परदेशी बनावटीची घंटा, मालकीचा पुरावा नाही.'

चौकशीला तो साठीचा कोळी माझ्यासमोर उकिडवा बसला.

"खोके कुणाचे?"

"ठाऊक नाही, बाईसाहेब. होडी किनाऱ्यावर उघडी असते."

"आणि घंटा कुठून आणली?"

"लुटून."

माझं पेन थांबेना. "कुणाची?"

"इंग्रजांच्या गलबताची."

"साथीदार कोण होते?"

"ते माझ्या खापरपणज्याला ठाऊक. त्याला विचारायचं तर जरा लांब जावं लागेल."

हवालदार खोकत बाहेर गेले. त्यांना खोकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

दोन दिवसांत त्याला जामीन मिळाला. होडी मात्र मुद्देमाल म्हणून आमच्या चेकपोस्टजवळ वाळूत ओढून ठेवलेली. वैशाखाचं ऊन. तिसऱ्या दिवसापासून त्याची बायको रोज सकाळी यायची, समुद्रातून घागर भरायची आणि होडीवर ओतायची. पंधरा-वीस खेपा. मग पोस्टच्या सावलीत बसायची आणि दुपारी पुन्हा तेच.

"ए बाई, मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतेय? पाणी लावतेय." तिची बोली कोकणी, मी मराठीत लिहिते आहे. "उन्हात लाकूड आटतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. पावसाआधीचे एवढेच दिवस आमचे. कोर्ट होडी परत देईल हो, पण ती तरंगायला नको?"

मी डायरीत नोंद केली, 'आरोपीची पत्नी मुद्देमालावर पाणी ओतते.' का ओतते, ते लिहायची गरज मला वाटली नाही.

चेकपोस्टवर गाड्या तपासायचं काम मी स्वतः करायचे, एक गाडी सोडून. सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो दर मंगळवारी बाहेर जायचा. तो दिसला की मी लांबूनच नाकाला रुमाल लावायचे आणि हात हलवायचे, जा, जा. ड्रायव्हर अदबीने म्हणायचा, "बघा ना मॅडम, ताडपत्री काढू?" मी आणखी दोन पावलं मागे. येताना टेम्पो रिकामा असणार म्हणून त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही.

त्या मंगळवारी टेम्पो निघून गेला आणि घागर खाली ठेवून ती माझ्याजवळ आली.

"बाईसाहेब, तुम्ही मासे खात नाही ना?"

"नाही. का?"

"म्हणून. मागच्या बाजूची दोन पोती माझी आहेत. शिमग्याला विकली त्याला, खारे बांगडे. तोंडं माझ्या जांभळ्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. इथे बसल्यापासून तिसऱ्यांदा बाहेर चाललीत. बाजाराला एकदाच जातो बांगडा. आता त्याला मांजरही तोंड लावणार नाही."

"मग तो नेतो कशाला?"

ती माझ्या रुमालाकडे बघत राहिली. त्या वासामुळेच मी ताडपत्री कधी काढायला लावली नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी रुमाल ठाण्यातच ठेवला. ड्रायव्हरला विचारलं, "ही पोती गेल्या आठवड्यात कुठे विकलीस?" त्याने एका बाजाराचं नाव सांगितलं. मी तिला पुढे बोलावलं. तिने कमरेला खोचलेला चिंधीचा उरलेला तुकडा काढून पोत्याच्या गाठीशेजारी धरला. तोच जांभळा, तेच काठ. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. ताडपत्री मीच काढली. त्या वासाचं वर्णन करत नाही, हे पुस्तक लोक जेवताना वाचतील. बांगड्यांच्या एका थराखाली सगळे खोके, होडीत सापडले होते तसलेच.

व्यापाऱ्याला ठाण्यात आणलं आणि संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं. खोके जाळ्याखाली त्यानेच ठेवले होते, चिठ्ठीही त्याचीच. "नव्या मॅडमना इतिहासाची आवड आहे, असं गावात कळलं होतं," असं त्याने जबाबात सांगितलं. हवालदारांनी ते वाक्य सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं.

मी तसा अहवाल कोर्टात दिला. त्या कोळ्याचं नाव आरोपींतून वगळलं गेलं, घंटा देव्हाऱ्यात गेली आणि होडी सोडायचा हुकूम झाला. अजून मोसमाचे तीन आठवडे बाकी होते. होडी पाण्यात ढकलायला निम्मं गाव आलं, मीही खांदा लावला. होडी तरंगली, पण तळाशी पाणी झिरपू लागलं. मी घाबरून म्हातारीकडे पाहिलं.

"दोन दिवसांत लाकूड फुगेल, फटी मिटतील," ती म्हणाली. मग तिने पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "तुमच्या ताब्यात होती तेव्हा मी पाणी घातलं. आता काढायची पाळी तुमची."

तिचा नवरा हसू दाबत वल्ह्याशी बसला होता. मी बूट काढले आणि उपसायला लागले. तासभर वर बघितलं नाही. पुढे अनेक वर्षं नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत आले की माणसाच्या खानदानावरून गुन्हा शोधू नका, आणि जे तपासायला किळस येते ते आधी तपासा. त्यांना वाटायचं, मॅडम फार अनुभवाचं बोलतात. मी हे शिकले ते युनिफॉर्मवर, कमरेत वाकून, आणि कंबर आठवडाभर धरलेली होती.