इस्पितळाच्या वासाचं पत्र

फिनेलचा वास आला की थोरल्या जाऊबाईंना आलेलं पत्र आठवतं. थोरले दीर आगबोटीवर खलाशी होते. परमुलखात तापाने आडवे झाले, तेव्हा कंपनीने स्वखर्चाने त्यांना इस्पितळात ठेवलं. पावस गावातल्या आमच्या पडवीत पोस्टमनने ते पत्र वाचून दाखवलं: पांढरी चादर, दूध, दोन वेळा डॉक्टर. आत आमचे हे तशाच तापाने घोंगडीखाली कुडकुडत होते, नि काढा उकळता उकळता मी हेव्याने जळत होते. जाऊबाईंनी पत्र माझ्या नाकाशी धरलं. "बघ गो, औषधाचा वास येतो." मग हळूच म्हणाल्या, "तुला कपाळावर हात तरी ठेवता येतो." दीर बरे होऊन परतले. माझा हात कपाळावर असतानाच हे गेले. इतकी वर्षं झाली, तरी त्या वासाने अजून जळते मी.