उन्हाळ्यात घाम यायलाच हवा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही, बहिणीला नाही, आणि इथे ओमानमध्ये, माबेलातल्या ज्या बायका दर शुक्रवारी माझ्या हॉलमध्ये येऊन बसायच्या, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. का — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

चिनी वैद्यकाप्रमाणे ऋतूंशी जुळवून कसं जगायचं, ते मी त्यांना शिकवायची. शिकवायची म्हणजे काय — एक ऑनलाइन कोर्स केला होता आणि सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. वसंत यकृताचा, उन्हाळा हृदयाचा, हिवाळा मूत्रपिंडांचा. उन्हाळ्यात उन्हावर चिडायचं नाही, घाम येऊ द्यायचा, अंगात गारवा शिरू द्यायचा नाही. चीनमधल्या उन्हाळ्याचे हे नियम मी ओमानच्या जूनमध्ये जसेच्या तसे सांगत होते. इथे ऋतू दोनच, बाहेर पडता येतं तो आणि पडता येत नाही तो — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पुण्यात मला कुणी विचारत नव्हतं आणि इथे बायका माझा शब्द झेलत होत्या. चटक लागली होती मला त्याची.

सगळ्यात मन लावून ऐकायची ती खालच्या मजल्यावरची नसीमभाभी. रत्नागिरीकडची. नवऱ्याचं लांब रुस्ताक गावात दुकान, तो आठवड्याच्या सुट्टीपुरता घरी यायचा. तिचे गुडघे दुखायचे. मी म्हटलं, एसीचा गारवा सांध्यांत शिरलाय. दुपारी एसी बंद ठेवा, आल्याचं गरम पाणी प्या. माझ्या घरी तेव्हा एसी चालू होता — हेही सांगून टाकते.

त्याच आठवड्यात ती ओट्यापाशी कोसळली. मी सहज खाली गेले होते म्हणून दिसली. अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. मीच गाडीत घालून इस्पितळात नेलं. उष्माघात. वाचली.

संध्याकाळी तिचा नवरा रुस्ताकहून धावत आला. खाटेपाशी उभं राहून त्यानं तिला विचारलं, एसी असताना बंद का ठेवलास, कुणी सांगितलं तुला? तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी काय केलं असेल?

“अहो, मी तर एसी लावा म्हणूनच सांगत असते. भाभी ऐकतात कुठे!”

वर हसलेसुद्धा. नसीमभाभीनं मान वळवली. “माजाच चुकला,” एवढंच म्हणाली.

हिला एकटीला इथे ठेवण्यात अर्थ नाही, असं त्यानं ठरवलं आणि थोड्याच दिवसांत तिला गावी पाठवलं. तिला जायचं नव्हतं. बरीच वर्षं सासरी काढून ती नवऱ्याजवळ आली होती. माबेलातल्या त्या दोन खोल्या हा तिचा पहिला स्वतःचा संसार. मी एक वाक्य खरं बोलले असते, तर कदाचित राहिली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. ती निघाली त्या दिवशी मी भेटायला गेले. तिनं चहा केला.

शुक्रवारचा वर्ग मी बंद केला. बायकांना सांगितलं, वेळ होत नाही. तेही खोटंच.

परवा सुपरमार्केटमध्ये तिचा नवरा भेटला. वाळलाय. ट्रॉलीत एकट्यापुरतं सामान. मला बघून थांबला, छातीवर हात ठेवला.

“वहिनी, त्या दिवशी तुमी होतात म्हणून माजी बायको वाचली.”

मी म्हटलं, त्यात काय एवढं. त्यानं ट्रॉली मागे घेतली आणि बिलाच्या रांगेत मला त्याच्या पुढे जाऊ दिलं. मी गेले.