एका जागी न बसणारे दाजी

माझे थोरले साडू एका जागी सलग पाच मिनिटं बसलेले कोल्हापूर जिल्ह्यात कुणीही पाहिलेले नाहीत. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, शपथेवर सांगते की बोहल्यावरसुद्धा ते दोनदा जागचे हलले होते; एकदा अंतरपाट धरणाऱ्याच्या हातातला अंतरपाट सारखा करायला आणि एकदा लाऊडस्पीकरची वायर बघायला. मी ग्रंथालयात नोकरी करणारा बैठा माणूस. मला एकदा खुर्ची मिळाली की ती मी सहसा सोडत नाही. त्यामुळे दाजी घरात आले की मला नुसतं त्यांच्याकडे बघून दम लागतो. गंमत अशी की ज्या माणसाने जन्मात कधी बूड टेकवलं नाही, त्याच्या शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या सीटखालच्या लोखंडी चौकटी तयार होतात. लोकांच्या बसण्याची सोय हाच त्यांचा धंदा आहे.

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम दहा-बाराचा पाना असतो. पाकीट विसरतील, पाना नाही. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही हुपरीला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न विचारायची वेळ आली, आणि दाजी जागेवर नाहीत. बघतो तर ते स्टुलावर चढून यजमानांच्या पंख्याचे नट आवळत होते. "कुरकुर करतोय ओ कवापास्नं, पोरीचं बोलणं ऐकू येईना," असं वरूनच सांगून त्यांनी पंखा सुरू केला. मुलीचे वडील इतके खूश झाले, की ते लग्न पुतण्यापेक्षा दाजींच्या भरवशावर जमलं असं मी अजून म्हणतो. चहा ते फिरत फिरत पितात, पेपर उभ्याने वाचतात, आणि फोनवर बोलता बोलता आमच्या कॉलनीला एक फेरी मारून येतात. जेवताना भाकरी संपायच्या आत ते टेबलाखाली वाकून कुठला पाय हलतोय ते बघतात. आमच्या घरात आता हलणारी एकही वस्तू उरलेली नाही, तरी ते येतात तेव्हा शोधतात.

हा माणूस फक्त एका ठिकाणी शांत व्हायचा, ते म्हणजे वेल्डिंगची काच तोंडावर घेतल्यावर. त्यांच्या शेडमध्ये एक रीत आहे. नवा वेल्डर आला की त्याची पहिली रेघ, म्हणजे लोखंडाचा पहिला सांधा, दाजी त्याच्या हातावर हात ठेवून काढतात. नऊच्या नऊ गड्यांच्या पहिल्या रेघा अशाच निघाल्या. एकदा हौसेने मलाही त्यांनी काच दिली. माझा हात लटपटत होता. मग वरून त्यांचा हात पडला आणि माझा हात गप्प झाला. ती रेघ संपेपर्यंत दाजींचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मला तेव्हा वाटलं, की हा माणूस दिवसभर जी धावपळ करतो ती या एवढ्याशा जागी पोचण्यासाठीच करतो. रेघ संपली, काच वर गेली, आणि दाजी लगेच पलीकडच्या कॉम्प्रेसरवर धावून गेले.

अलीकडे त्यांनी आमच्याकडे कपबशी घेणं बंद केलं होतं. "स्टीलचा गल्लास द्या, कप लई बारका पडतोय," म्हणायचे आणि तो ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. चहा तरीही हिंदकळायचा. आम्ही हसायचो. स्वभावच तसा, हातसुद्धा निवांत बसू देत नाहीत, असं मीच सगळ्यांना सांगत असे. या बोलण्याची आज मला लाज वाटते.

मग कंपनीचे साहेब आले. ज्या कंपनीला या चौकटी जातात तिची माणसं शेडमध्ये फिरली, दहा चौकटी ओळीने मांडल्या आणि म्हणाली, इथून पुढे सगळ्या रेघा एकसारख्या पाहिजेत, एक जाड एक बारीक चालणार नाही. दोन महिन्यांत नमुने दाखवा, नाही तर काम दुसरीकडे जाईल. काम जाणार म्हणजे शेड बंद, हे नऊही गड्यांना न सांगता कळलं. दाजी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुण्याला मशिनरीच्या प्रदर्शनात गेले, तिथे वेल्डिंग करणाऱ्या एका रोबोसमोर दिवसभर उभे राहिले आणि त्याचा सौदा ठरवूनच आले. रोबो म्हणजे नुसता एक हात. खांदा, कोपर, मनगट, आणि पुढे वेल्डिंगची गन. तो शेडमध्ये आला तशी गड्यांची तोंडं उतरली. दाजींनी सगळ्यांना गोळा केलं. "एकबी गडी घरी जाणार न्हाय. ह्यो दहावा गडी हाय असं समजा. लांब रेघा ह्यो घालंल, अवघड कोपरं तुमी घालायची." एवढं बोलून ते त्याच्या पायाचे बोल्ट तपासायला लागले. मशिन सुरू करून द्यायला आलेल्या लोकांनी ते बोल्ट नुकतेच आवळले होते.

रोबोला शिकवायचं होतं त्या दिवशी मी तिथेच होतो. आक्काने डबा देऊन मला पाठवलं होतं, कारण दाजी दोन दिवस जेवायला घरी गेले नव्हते. पुण्याहून आलेली इंजिनिअर मुलगी सांगत होती, "काका, बटणं दाबून एकेक जागा नेमून देऊ. हात धरूनही हा शिकतो, पण मग जसा हात फिरेल तसाच हा फिरतो." दाजी ऐकणार थोडेच. "ताई, हात धरल्याबिगर ह्या शेडात कोण वेल्डिंग शिकलाय व्हय?" त्यांनी रोबोचं मनगट धरलं, चौकटीवरून अलगद फिरवलं आणि बाजूला झाले. मग रोबोने स्वतः रेघ घातली. आम्ही सगळे बघायला वाकलो. पाऊण रेघ आखल्यासारखी सरळ होती, आणि शेवटचं वीतभर अंतर करवतीच्या दातांसारखं वरखाली गेलं होतं.

"ह्येचा हात थरथरतोय की," दाजी म्हणाले. दुसरी चौकट लावली. तिच्यावरही तिथेच, तेवढीच थरथर. तिसरीवरही तीच. इंजिनिअर मुलीने तोंड उघडलं तेवढ्यात पांडबा मध्ये पडला. पांडबा म्हणजे शेडमधला सगळ्यात जुना वेल्डर, नेसरीकडचा, दाजींचा पहिला शागीर्द. "व्होल्टेज कमीजास्त होत असंल, मालक." दुसरा म्हणाला, फरशी उताराला आहे. तिसरा म्हणाला, शेजारच्या शेडात मोठा प्रेस चालतो, त्याचा हादरा येतो. त्या दिवशी रविवार होता आणि शेजारच्या शेडला कुलूप होतं. ती मुलगी शहाणी होती. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "असेल. बघते मी."

दाजींनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि नमुन्याला आणलेल्या ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ते उठले नाहीत. मला कधी नव्हे ती भीती वाटली. शेवटी त्यांनी विचारलं, "पांडबा, कवापास्नं ठावं हाय तुला?"

"गेल्या गणपतीपास्नं. तुमी घातलेल्या रेघा तुमी घरला गेल्यावर मी घासून परत घालत हुतो."

"बोलला न्हाईस."

"तुमी बोलला न्हाईसा, म्हणून मीबी न्हाई."

मग पांडबाने जाऊन रोबोचं मनगट धरलं. "या की मालक, वरनं हात ठेवा. आमची पैली रेघ तुमीच काढलीसा, ह्याचीबी तुमीच काढायची." दाजी उठले आणि त्यांनी पांडबाच्या हातावर हात ठेवला. वरचा हात हलत होता, खालचा हलत नव्हता. ती रेघ शेवटपर्यंत सरळ आली.

नमुने पास झाले, काम राहिलं, नऊचे नऊ गडी राहिले. आक्काने दाजींना धरून डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी आपली काच पांडबाला देऊन टाकली. आता ते दुप्पट फिरतात. त्यांना थांबायला जागाच उरलेली नाही, हे कळत असल्यामुळे मी हल्ली त्यांच्या फेऱ्यांवर विनोद करत नाही.

परवा खंडेनवमीला शेडमध्ये प्रसादाला गेलो होतो. हत्यारांना हळदीकुंकू लागलं होतं, रोबोच्या खांद्यावर झेंडूची माळ होती. त्या मुलीने जायच्या आधी विचारलं होतं म्हणे, की पहिलं शिकवलेलं पुसून टाकू का, आणि पांडबाने नको म्हटलं होतं. आरतीआधी त्याने गन बंद ठेवून ते पहिलं शिकवलेलं लावलं. रोबोचा हात हवेतून सरळ निघाला आणि शेवटी वीतभर थरथरला. कुणी हसलं नाही. "बघा पावणं," दाजी मला हळूच म्हणाले, "हात माझाच हाय. निस्ता दुसऱ्याच्या खांद्याला लावलाय."

आरती संपेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते, कुठेही गेले नाहीत. समोर प्रसादाच्या टेबलाचा एक पाय हलत होता. दाजींनी तो बघावा, खिशातून पाना काढावा आणि आरती अर्धी टाकून तिकडे धावावं, असं मला फार वाटत होतं. शेवटी मीच त्यांच्या खिशातून पाना घेतला आणि टेबलाखाली वाकलो.