गोधडीतलं जावळ

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीला ऑटिझम आहे."

मी विचारलं, "गोळ्या किती दिवस?"

"याला गोळ्या नाहीत. हा ताप नाही. तिचा मेंदूच वेगळ्या पद्धतीने चालतो."

राधा चार वर्षांची, पण बोलत नव्हती. कुकरची शिट्टी झाली की खाटेखाली शिरायची. डोक्याला हात लावला की किंचाळायची. म्हणून जावळ राहिलं होतं. जावळ काढायला कपिलधारच्या देवाला नेलं, तसंच परत आणलं. जावळ राहिलं म्हणूनच पोरगी मुकी, असं भावकीनं सुनेच्या डोक्यात भरवलं. ऊसतोडीला जायच्या आधी चौघांनी धरून उरकायचं ठरलं.

दवाखान्यातल्या थेरपीच्या बाईंनी माझ्याकडून ते ऐकून हात जोडले. म्हणाल्या, "याला सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण म्हणतात. आवाज, उजेड, स्पर्श मेंदूत पोचतात, पण त्यांचं माप चुकतं. हिला हलका हात टोचतो. घट्ट गुंडाळलेलं आवडतं का बघा. जबरदस्ती नको."

घरी आल्यावर मी तिला गोधडीत गुंडाळलं, तोंड उघडं ठेवून. तिनं अंग सैल सोडलं. मग कात्रीची भीती जावी म्हणून रोज तिच्यासमोर माझेच केस थोडे थोडे कापले. वेणी बोटभर राहिली.

जावळ अंगणातच केलं. राधा गोधडीत, मामाच्या मांडीवर. हलगीवाला कुरकुरला, "वाजवायचं न्हाई तर बोलावलं कावून?"

"जेवायला. बस खाली."

न्हाव्यानं कात्रीने एक बट कापली. राधा किंचाळली नाही. दुसरीला तिनं मान फिरवली. मी म्हटलं, "झालं जावळ."

माझी जाऊ ओरडली, "एवढंच? देव कोपंल की!"

"कोपला तर माझ्यावर कोपंल. लागले तर माझे उरलेले केस घेऊन जाईल."

हलगीवालाच आधी हसला. सुनेनं ती बट पदरात बांधली. ऊसतोडीला निघताना म्हणाली, "आत्या, आता हिला कुणी धरायचं न्हाई." मी बरं म्हटलं.

राधा अजून बोलत नाही. जावळानं बोलणारही नव्हती. पण डोक्याला तेल लावायचं झालं की स्वतः माझा हात ओढून टाळूवर दाबते. लई जोरात दाबते. तुमच्या घरी असं लेकरू असेल तर धरायला माणसं जमवू नका. ते स्वतः हात कुठं ठेवतं, ते बघा. मला हे थेरपीच्या बाईंनी सांगितलं, त्यांचं भलं होवो.