गुडघाभर समुद्र

मे महिन्यात शेगावात समुद्र आला. निदान भोंगा लावलेली रिक्षा तरी तसंच ओरडत गल्लीबोळांतून फिरत होती. "चला चला, मुंबई-गोव्याला कशाला जाता, समुद्र आपल्या शेगावात आलाय, लाटा पाहा, वाळूत खेळा, सहकुटुंब या!"

मी शिलाई मशीनवर बसले होते. माझी भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. ती ओट्यावरून धावत आत आली. "आत्या, समुद्र आला म्हनते! मले पाहाचा हाये."

पायाखालची मशीन आपोआप थांबली. आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नसे. टीव्हीवर समुद्र दिसला की वहिनी उठून आत जायची आणि आई चॅनल बदलायला सांगायची.

माझा एकुलता भाऊ समुद्रात गेला. वरवट बकालला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पंचक्रोशीतून त्याच्याकडे यायच्या. शेजारीच त्याच्या लहानपणच्या मित्राचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. मित्र मुसलमान. त्याच्याकडच्या ईदचा शिरखुर्मा आमच्या घरी आणि आमच्या दिवाळीचे अनारसे त्याच्या घरी, असं आमच्या बापाच्या काळापासून चालत आलेलं. एका हिवाळ्यात गावातली चार पोरं गाडी करून कोकणात फिरायला निघाली, त्यात हे दोघेही होते. भाची तेव्हा नुकती रांगायला लागली होती. जाताना भाऊ तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाला होता, "येतो वं ठमे, शिंपले आनतो तुले."

ते परत आले तेव्हा तो ॲम्ब्युलन्समध्ये होता. मित्र त्याच्या उशाशी बसून आला होता, अंगावर तेच वाळूनं भरलेले कपडे. आईनं मुलाचं तोंड पाहिलं आणि मग ती त्या मित्राकडे वळून म्हणाली, "तू कसा वापस आलास बे? माहा काऊन नाही आला?" त्यानं खांदा दिला, माती दिली, आणि त्यानंतर तो आमच्या घराची पायरी कधी चढला नाही. दुकान मात्र त्यानं तिथेच ठेवलं, भावाच्या बंद शटरच्या शेजारी.

भाचीला हे अर्धंमुर्धं माहीत होतं. पप्पा समुद्रात बुडले, एवढंच. वहिनीनं तिला पाण्याजवळ कधी जाऊ दिलं नाही. नदीला पूर आला की सगळं गाव पाहायला जाई, ही घरात. न्हाणीतलं टाकंसुद्धा झाकून त्यावर दगड ठेवलेला असे.

म्हणून मी एकटीनं ठरवणं शक्यच नव्हतं. मी वहिनीला फोन केला.  ती एवढंच म्हणाली, "नोको, ताई." भाचीनं जेवण सोडलं. तिच्या वर्गातल्या पोरी आईबापांबरोबर येऊन गेल्या होत्या, त्यांचे फोटो हिनं पाहिले होते. दोन दिवस तिनं तोंड फुगवून काढले. शेवटी आई आणि वहिनी एस.टी.नं शेगावला आल्या. महाराजांचं दर्शन घेतलं, आणि दर्शनबारीतून बाहेर पडल्यावर चपला शोधता शोधता आईच म्हणाली, "जाऊ दे तिले. मले बी पाहाचा हाये."

त्या 'मले बी'पुढे कोण काय बोलणार? आमच्या घरात कुणीच समुद्र पाहिला नव्हता. आईनं नाही, वहिनीनं नाही, मी नाही. ज्यानं पाहिला तो राहिला नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गेलो. बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात ट्रकनं वाळू आणून ओतली होती. वाळूच्या उताराच्या खाली निळ्या ताडपत्रीचा मोठा हौद, आणि हौदाच्या पलीकडच्या टोकाला पडद्याआड एक यंत्र. ते घर्र करून पाणी ढकलायचं आणि पाणी लाटेसारखं वाळूपर्यंत येऊन परत जायचं. प्लास्टिकची नारळाची झाडं, त्यांना दिवे. भोंग्यातून लाटांचा आवाज. माझे यजमान तिकीट काढताना पुटपुटले, "नळाले आठ-आठ दिवस पानी नाही, अन् इथं टँकरनं समुद्र भरून राह्यले."

ते खरंच होतं. पण आत गेल्यावर मला रागावता आलं नाही. धोतर वर खोचलेले एक आजोबा डोक्यावरची टोपी न काढता सरळ पाण्यात बसले होते आणि त्यांचे नातू त्यांच्या अंगावर पाणी उडवत होते. बुरख्यातली एक बाई दोन्ही हातांत दोन लेकरं धरून लाटेला पाठमोरी उभी होती, लाट आली की तिघंही किंचाळत. एक म्हातारी पाण्याला हात जोडून त्यात फूल सोडत होती. ज्यांना शेत आणि बाजार सोडून कधी चार दिवस बाहेर जाता येत नाही, अशी घरंच्या घरं तिथे हसत होती. तो समुद्र खोटा होता, पण त्यांचं हसू काही खोटं नव्हतं.

वहिनी एका खुर्चीवर पाण्याकडे पाठ करून बसली. आई मात्र लुगडं वर धरून पाण्यात उतरली. मी तिचा दंड धरला होता, तिनं तो सोडवून घेतला. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. एक लाट आली, दुसरी आली. ती खाली पाहत उभी राहिली. मग मागे फिरून माझ्याजवळ आली.

"एवढाच असते काय वं?"

"नाही आई. हा खोटा हाये. खरा लय मोठा असते."

"असंन," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, पाह्यल्यावर काही समजंन." आणि ती वाळूत जाऊन बसली.

भाची तोवर ओलीचिंब झाली होती. जन्मात पहिल्यांदा घोट्याच्या वर पाणी. आधी घाबरली, मग एक लाट आली तेव्हा पाय रोवून उभी राहिली, पडली नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "आई! पाह्य न! मी उभी हाये!"

वहिनी वळली. पोरीला पाहून ती हसली. तिला तसं हसताना मी तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आलो ते बरं झालं.

घरी येऊन जेवायला बसलो. पोळी-पिठलं होतं. भाचीनं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आई, पप्पा समुद्रात बुडले न?"

"हाव."

"मंग ते उभे काऊन नाही राह्यले? मी तं राह्यली."

कुणाचाच हात ताटातून वर आला नाही. यजमान म्हणाले, "अवं बाई, खरा समुद्र लय मोठा असते."

"किती मोठा?"

"लय."

"वान नदीच्या धरनावानी?"

"त्याच्याऊनही मोठा."

"तुमी पाह्यला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिनं आपल्या आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही कुणीच पाहिला नव्हता. तिनं पाहिला होता, आणि तो गुडघ्याएवढा होता.

सुट्टी संपली, ती वरवटला गेली. पुढे वहिनीचे फोन येऊ लागले. पोरगी शाळेत जाताना बापाच्या फोटोला 'येतो पप्पा' म्हणायची, ते तिनं बंद केलं. अंगणात खेळता खेळता एका मैत्रिणीनं काहीतरी विचारलं, तर ही म्हणाली, "माह्या पप्पाले उभंच राहाता नाही आलं." वहिनी दाराआड होती. तिनं ऐकलं.

"ताई," वहिनी मला म्हणाली, "थे गेले तवा माह्यापासून गेले होते. तिच्याजवळ तं होते न फोटोत. आता तिच्यापासून बी गेले."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वरवटला गेले. काय करायचं ते मलाही कळत नव्हतं. मोबाइलवर समुद्र दाखवावा तर तोही हाताएवढाच. मी पोरीला जवळ घेऊन सांगू पाहिलं, तर ती माझ्या तोंडाकडे नुसती पाहत राहिली. जे आपण पाहिलं नाही ते सांगताना आपला आवाज कसा लागतो, हे लेकरांना बरोबर समजतं.

वहिनी चुलीपुढून उठली. पदर डोक्यावर घेतला आणि चप्पल घातली.

"कुठी चालली वं?" आईनं विचारलं.

"त्याईले बोलवाले."

आईला कळलं कोणाला ते.  मी वहिनीच्या मागे निघाले. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गर्दी. एवढ्या वर्षांत वहिनी त्या रस्त्यानं गेली नव्हती, कारण त्यावर भावाचं दुकान होतं. मित्र पंपाचा वॉशर बदलत बसला होता. समोर वहिनीला पाहिलं आणि तो उभाच राहिला. हात ग्रीसनं काळे.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "पोरीले समुद्र सांगा."

त्याला समजेना. मग मी सगळं सांगितलं. त्यानं गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं, शटर ओढलं, नळाखाली हात धुतले, आणि आमच्या मागोमाग आला. पायरीपाशी थबकला. आई ओसरीतच होती. तिनं नजर उचलली नाही, पण सतरंजी त्याच्याकडे सरकवली.

तो बसला. भाचीला म्हणाला, "ये बेटा. काय इचारतं, इचार."

"पप्पा उभे काऊन नाही राह्यले?"

"उभेच होते तुहे पप्पा," तो म्हणाला. "तुह्या त्या शेगावच्या समुद्रात खाली ताडपत्री होती न? खऱ्यात खाली काहीच नसते. वाळू असते, अन् लाट वापस जाते तवा थे वाळू पायाखालून घेऊन जाते. आमी गुडघ्याएवढ्याच पान्यात होतो. समोर पाह्यलं तं पानीच पानी. तुहं शेगाव, वरवट, सोनाळा, समदं त्याच्यात टाकलं तरी दिसनार नाही, एवढं. लाट आली, तुह्या पप्पाच्या पायाखालची वाळू गेली. माह्याही पायाखालची गेली. मी त्याचा हात धरला होता."

पोरगी त्याच्या हातांकडे पाहू लागली. धुऊनही नखांत काळं राहिलं होतं.

"मंग तुमी सोडला काऊन?"

वहिनीनं "अवं" म्हणून पोरीला गप्प करायचा प्रयत्न केला. मित्रानं हातानंच वहिनीला थांबवलं.  

"सोडला नाही, बेटा," तो म्हणाला. "सुटला."

मग तो रडला. एवढा मोठा माणूस, दाढीत पांढरे केस आलेले, आमच्या ओसरीत गुडघ्यांत डोकं घालून रडला. आई भिंतीला टेकून बसली होती. ती हळूहळू सरकत त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी तुले लय वाईट बोलली होती बे," ती म्हणाली. तो म्हणाला, "माय, मी बी रोज थेच इचारतो मले. मी काऊन वापस आलो."

 भाची वहिनीकडे गेली. "आई, मंग पप्पाची काही चूक नव्हती न?"

"नाही वं राजा."

आणि ती रडू लागली. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, तिला काही कळलंच नव्हतं. त्या दुपारी मात्र तिचा बाप गेला. ती "पप्पा, पप्पा" करत आईच्या मांडीवर लोळण घेत होती आणि वहिनी तिला थोपटत नव्हती की गप्प कर म्हणत नव्हती. तीही रडत होती, तोंड उघडं टाकून. मला आठवतं, प्रेत दारात होतं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काळीज फुटेल. तेव्हा कुणाला ते जमलं नव्हतं.

लोक मला विचारतात, त्या समुद्रावर लेकरांना न्यावं का, वाळू, पाणी, एवढा खर्च, चांगलं असतं का ते? मी म्हणते, न्या. पण घरी आल्यावर लेकरू जे विचारेल त्याला उत्तर देणारं कुणीतरी घरात असू द्या.

आमच्याकडे ते माणूस गावातच, भावाच्या बंद दुकानाशेजारी बसलं होतं आणि आम्ही त्याला इतकी वर्षं लांब ठेवलं होतं. आता तो अधूनमधून येतो. भाची त्याला विचारते, पप्पा कसे हसायचे, त्याईले सायकल येत होती का, त्याईले काय आवडे. तो सांगतो. वहिनी आत काहीतरी निवडत बसलेली असते आणि तो बोलू लागला की तिचे हात थांबतात.

एकदा ती आतूनच म्हणाली, "भाऊजी, तिथं नेसान आमाले? जिथं थे गेले तिथं."

तो म्हणाला, "तुमी म्हनसान तवा."

आईनं लगेच सांगितलं की ती येणार नाही. वहिनी पुन्हा बोलली नाही. शेगावहून रेल्वे सरळ मुंबईला जाते, तिथून पुढे कोकण, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही अजून गेलेलो नाही.