ओमेशनं स्प्रे सोडला तेव्हा

ओमेश घरी येतोय हे नवेगाव बांधच्या त्या गल्लीत डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. पोरगा वळणावर असतानाच त्याचा स्प्रे पानटपरीवर पोचलेला असे. गोंदियाच्या बाजारातून आणलेला, काळ्या डब्यातला, असा कडक की टपरीवाला गुड्डू म्हणायचा, "ओमेशभाऊ, तू उधार मागाले आला का पान खाले, ते विचारतो नंतर. आधी थोडा लांब सरक."

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून त्यानं तो डबा सोडला नव्हता. पुढं जंगलात गाईड झाला, लग्न झालं, नीतू घरात आली, तरी सकाळी शर्टाच्या आधी स्प्रे. त्यामुळं झालं काय, की ओमेशच्या अंगाला स्वतःचा वास कसा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द ओमेशलाही नाही.

त्याचे वडील उदाराम, धान निसवायच्या दिवसांत गेले. माणूस मोठा गमतीचा, सगळ्या गावाच्या धानाच्या बांध्यांना पाणी फिरवून द्यायचा आणि आपली बांधी विसरायचा. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले आणि पुष्पाबाईंनी तेच काढलं. "लोकाचं धान हिरवं अन् आपलं पिवळं! घर कोनाचं आहे तुमचं?" उदारामजींनी अर्ध्या ताटावरून हात उचलला, चूळ भरली आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निघून गेले. तिथंच छाती धरून बसले. पाळीवरच्या लोकांनी त्यांना खाटेवर घालून घरी आणलं, तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून पुष्पाबाई अर्ध्या जेवणावरून उठायच्या. डोकं अगदी ठिकाणावर होतं बाईचं. मासे घेताना कोळणीला घाम फोडायची. पण ताट अर्धं झालं की हात थांबायचा. "ते उठले तिथं मी उठतो," एवढंच म्हणायची. बाई इतकी वाळत चालली की नेसताना लुगड्याच्या निऱ्या वाढू लागल्या. डॉक्टरनं टॉनिक दिलं. ओमेशनं हात जोडले, चिडला, रडलासुद्धा. काही उपयोग नाही. आपली माय अशीच एक दिवस संपून जाणार, ही भीती त्याच्या पोटात घर करून बसली.

त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या काखेत लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, तो डबा फेका. नीतू बचत गटाच्या प्रशिक्षणात नैसर्गिक डिओ करायला शिकली होती, ती हौसेनं पुढं झाली. खोबरेल तेल, तिखुराच्या कंदाचं पीठ, तुरटीची पूड, चिमूटभर कापूर. घोटून घोटून डबीत भरलं.

"हे लाव. पहिले काही दिवस वास येईन. जुनं सारं बाहेर पडते म्हणतात."

"जुनं म्हणजे काय?"

"मले काय मालूम? मॅडमनं सांगतलं तसं सांगून राहिले."

आणि वास आला म्हणजे काय, आला! जिप्सीचा ड्रायव्हर मुन्नालाल गोंदियाचा, तो रुमाल नाकाला लावून म्हणाला, "भाई मेरे, आज शेर नहीं दिखेगा. वो मध्यप्रदेश निकल गया." पर्यटक मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. ओमेशनं दात-ओठ खाऊन दिवस काढले. मग तो उग्र वास हळूहळू बसला, आणि त्याच्या खालून दुसराच एक वर आला. वाईट नव्हता. धानाच्या ओल्या तणसासारखा, किंचित कडसर, तलावाच्या गाळाची लकेर असलेला.

गुड्डूच्या टपरीवर म्हातारे दुधरामजी पेपर वाचत बसले होते. ओमेश मागून आला. मान वर न करता ते बाकावर सरकले आणि म्हणाले, "बसा उदारामजी." मग वर बघितलं. पेपर तसाच हातात राहिला. चहा अर्धा टाकून म्हातारा उठला, तो त्या आठवड्यात टपरीकडं फिरकला नाही.

ओमेशनं हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री उशीवर डोकं ठेवताच नीतू एकदम दूर झाली. "मामाजी यायचे ना पाटाचं पाणी फिरवून, असाच वास यायचा," ती सासऱ्यांच्या आठवणीनं म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

मग तो दिवस आला. दिवेलागणीला ओमेश जंगलातून परतला. वीज गेली होती. पुष्पाबाई चुलीसमोर, दाराकडं पाठ करून बसल्या होत्या. त्यानं उंबऱ्यात पाय ठेवला. मायनं मागं न बघता डोक्यावर पदर ओढला.

"अवो, हातपाय धुऊन घ्या जी. वाढतो."

अवो. जन्मभर मायनं त्याला ओम्या म्हटलं, गाढवा म्हटलं. अवो घरात एकाच माणसाला होतं. "माय, मी..." म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण पाय आपोआप न्हाणीकडं वळले. धुऊन आला, पाटावर बसला. मायनं ताट वाढलं, नजर खालीच. पलीकडं नीतू कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"एक इचारू जी?" पुष्पाबाईंचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी ताट सोडून काऊन गेलात? मी बोललो म्हनून?"

ओमेश सांगणार होता की माय, बाबा गेले, मी तुझा पोरगा आहे. पण तोंडातून आलं ते असं:

"नाई वो, ओम्याची माय. छातीत कळ येऊन राहिली होती. इथंच पडलो असतो तं तू एकटीनं कसं उचललं असतं? आपला ओम्या तं जंगलाच्या गेटवर होता. पाळीवर चार मानसं भेटतात, म्हनून गेलो."

आवाज त्याचाच होता. नीतूच्या हातातून कणकेचा गोळा परातीत पडला. ओमेशनं आपल्याच ओठांना बोटं लावून बघितली.

पुष्पाबाईंनी दुसरं ताट ओढलं, स्वतःसाठी भात वाढून घेतला, आणि जेवल्या. शेवटच्या शितापर्यंत जेवल्या. वीज आली तेव्हा त्यांनी पोराकडं बघितलं. "ओम्या, आज कोनतं जनावर दिसलं रे?"

माय जगली. लुगड्याच्या निऱ्या पुन्हा कमी झाल्या, कोळणीशी भांडण पुन्हा रंगात आलं. नीतूनं मात्र खोलीचं दार लावून विचारलं, "ते कोन बोललं?"

"मीच असीन."

"'आपला ओम्या' म्हनलं तू."

काळा डबा पुन्हा आणावा, असं ती दोनदा म्हणाली. तो आणतो म्हणाला आणि आणला नाही. कारण माय जेवत होती.

आता तो एक करतो. घरी येताना अंगणातूनच ओरडतो, "माय, मी ओमेश आलो वो!" गल्ली हसते, पोरं त्याची नक्कल करतात. आतून मायचा आवाज येतो, "ये." मग तो निवांत आत जातो.

पण एखाद्या दिवशी आतून "या" असं येतं. त्या दिवशी ओमेश चपला काढून दाराच्या एका बाजूला सरकतो. मागं वळून बघत नाही. आधी त्यांना जाऊ देतो, मग आत जातो.