टिटव्यांच्या थव्यातला वरचा एक

लॉकडाऊनच्या दुसऱ्या मार्चमध्ये मी नेदरलँड्समधल्या ब्रेडाजवळच्या माळावर पक्षी मोजायला लागले, ते पक्ष्यांच्या प्रेमापोटी नव्हे. घरी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचं ऑफिस भरलेलं असायचं आणि माझी फोडणी थेट त्याच्या मीटिंगमध्ये जाऊन तडतडायची. बाहेर फक्त दोघांनी भेटायची परवानगी होती, तीही दीड मीटर अंतरावरून. शेजारच्या बाई निवृत्त गणितशिक्षिका. त्या दर वर्षी एका पक्षीसंस्थेला थव्यांचे आकडे पाठवायच्या, पण त्यांची मोजणीतली जोडीदारीण तब्येतीमुळे घरी बसली होती.

"तुला मोजता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं की!" म्हटलं. बालवाडीपासून येत होतं.

मग रोज उजाडताना आम्ही वाळक्या हेदरच्या झुडपांत उभ्या. दक्षिणेकडून परतणारे थवे बाई ओळखायच्या, मी मोजून वहीत लिहायचे. वही राहायची बाईंच्या पिशवीत. माझा थाट काय विचारता! गळ्यात उसनी दुर्बीण, डोक्यावर नवऱ्याची कानटोपी. चौथ्या दिवशी मी आईला फोनवर "आमचं संशोधन" म्हणायला लागले. मध्येच कॉफी व्हायची. बाई बिस्किटांचा डबा बाकावर ठेवून मागे सरायच्या, मी एक उचलायचे, की टक्! झाकण बंद. इकडे कॉफीबरोबर बिस्कीट एकच. आमच्याकडे एवढ्यावर सोयरीक मोडली असती.

तीन आठवड्यांनी बाईंनी माझी वही उघडली.

"तुझ्या एकाही थव्याचा आकडा शून्याने संपत नाही," त्या म्हणाल्या. "शून्याला पक्षी घाबरतात, की तू?"

तेवढ्या थंडीत मला घाम फुटला. बहुतेक थवे टिटव्यांचे होते. इथली टिटवी तुरेवाली, देखणी. पण शेवटी टिटवीच. आमच्याकडे ती डोक्यावरून ओरडत गेली की अशुभ. त्यात साथ चालू. त्यात शेवटी शून्य! माझा हात आपोआप विसाचे एकवीस करायचा, पन्नासाचे एक्कावन्न, आहेराच्या पाकिटात करतात तसे. पूर्ण आकडा म्हणजे संपलं. वरचा एक म्हणजे पुढे चालू. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं.

"म्हणजे न पाहिलेला पक्षी लिहिलास."

"एकच हो."

"प्रत्येक शून्यवाल्या थव्यात."

"शुभ असतो."

"बरं. मग एकने संपणाऱ्या प्रत्येक आकड्यातला एक खोड. हे एकतीस?"

"ते... ते खरंच एकतीस असतील."

"आणि हे?"

मला काही केल्या आठवेना. बाईंनी वही मिटून बाकावर ठेवली. त्या गावात माझ्याशी 'सुप्रभात'च्या पुढे बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. आता परत ते टेबल आणि ती फोडणी.

"उद्यापासून येऊ नको ना?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून एक चिमुकली वही काढली. "मीही मोजत होते. नव्या माणसाचे आकडे पहिले तीन आठवडे मी कुणाला पाठवतच नाही. उद्यापासून तुझे पाठवणार होते. आता बघू."

म्हणजे आमचं संशोधन तीन आठवडे पिशवीत, बिस्किटांच्या डब्याखाली!

तेवढ्यात माळावर टिटव्यांचा कल्ला झाला. "मोज!" बाई ओरडल्या. मी श्वास रोखून मोजलं. साठ. पुन्हा मोजलं. मेले बरोब्बर साठ! पेन कागदावर टेकलं, हात शिवशिवला, वरून टिटव्या ओरडल्या. मी साठ लिहिलं आणि डोळे गच्च मिटले. साठ जणांना मुहूर्त न बघता परगावी धाडल्यासारखं वाटलं.

बाईंनी आपल्या वहीशी आकडा ताडून पाहिला. कॉफी मघाशीच झाली होती, तरी त्यांनी डबा बाकावर ठेवला, झाकण उघडलं आणि दीड मीटर मागे सरल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "वरचा एक."

मला दोन उचलायचा मोह झाला होता, हे आज पहिल्यांदाच कबूल करते.